तरुणांच्या सेवेला कायद्याचे अधिष्ठान हवे

जुलै उजाडला की महाराष्ट्रात वृक्षारोपणाचा हंगाम सुरू होतो. एखाद्या उजाड टेकडीच्या पायथ्याशी मंडप पडतो, ध्वनिक्षेपक लागतो, महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या बसगाड्या येतात. खड्डे आदल्या दिवशीच रोजंदारीच्या मजुरांनी खणून ठेवलेले असतात. पाहुण्यांच्या हस्ते रोपे लागतात, छायाचित्रे निघतात, भाषणे होतात आणि संध्याकाळी टेकडी पुन्हा एकटी पडते. मार्च महिन्यात त्या रोपांना पाणी कोण घालणार, चरायला आलेली गुरे कोण वळवणार, वणवा लागला तर तो विझवायला कोण धावणार, हे प्रश्न त्या समारंभात कोणी विचारीत नाही. २०१६ साली राज्य शासनाने २ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. पुढील तीन वर्षांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी अशी एकूण ५० कोटी रोपांची मोहीम आखली. त्यांतली झाडे जगली किती, यावर इतका वाद माजला की २०२१ साली विधिमंडळाच्या समितीकडे चौकशी सोपवावी लागली. वस्तुतः या चौकशीचे उत्तर कोणत्याही माळ्याने एका वाक्यात दिले असते. रोप लावायला एक दिवस पुरतो. झाड वाढवायला तीन-चार वर्षे माणूस लागतो. तो माणूस शासनाने नेमलाच नव्हता.

याच महाराष्ट्रात असा माणूस होण्यास तयार असलेले लाखो तरुण तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत, चहाच्या टपऱ्यांवर आणि सेवायोजन कार्यालयाच्या नोंदवहीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवीत आहेत. एकीकडे निगराणीवाचून उघडी पडलेली जमीन, दुसरीकडे कामावाचून बसलेले हात. या दोहोंची सांगड घालणे हे शासनसंस्थेचे प्राथमिक कर्तव्य होय. शासनाने मात्र या दोहोंच्या मध्ये एक शब्द ठेवून दिला आहे : सेवा.

हा शब्द समाजवादी चळवळीला परका नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली, तेव्हापासून एस. एम. जोशी आणि साने गुरुजी यांच्या संस्कारांत वाढलेल्या पिढ्यांनी खेड्यांत जाऊन कुदळ-फावडे हाती धरले. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने पांढरपेशा घरांतील मुलांना मातीचा वास आणि घामाची चव दिली. त्या संस्कारांचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तथापि त्या छावण्यांचे प्रयोजन तरुणाला घडविणे हे होते. सुट्टीतल्या पंधरवड्यात राज्यातल्या जमिनीची धूप थांबेल, असा दावा त्यांच्या प्रवर्तकांनी कधी केला नाही. शासनाने या परंपरेतून नेमकी उलट शिकवण घेतली. शिबिराचा संस्कार वगळला, फुकटचे श्रम तेवढे उचलले आणि त्यांच्या जोरावर भूसंवर्धनाची जबाबदारी अंगाबाहेर टाकता येईल, असा समज करून घेतला.

या प्रश्नाचा विचार स्वतंत्र भारतात झालाच नाही, असे नाही. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, अशी तिची शिफारस होती. सक्तीचा मुद्दा वादग्रस्त होता आणि तो आजही मान्य करण्याजोगा नाही. परंतु देशमुखांसारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. सेवेतून काही उभे राहायचे असेल तर तिला सलग वेळ हवा आणि त्या वेळाचा खर्च कोणीतरी उचलला पाहिजे. नेमक्या याच खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणी पुढे करून शिफारस बाजूला पडली. दहा वर्षांनी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचे स्वरूप वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे एक शिबिर, एवढेच राहिले.

१२० तास म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर वर्षाचे पंधरा दिवस. तेही परीक्षा, सण आणि सुट्ट्या यांच्या फटींतून वेचलेले. या पंधरा दिवसांत मन घडू शकते, हे निःसंशय. १९७३ साली ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या घोषणेखाली विद्यार्थी गावोगाव गेले, तेव्हा शहरी मुलांनी दुष्काळ प्रथमच डोळ्यांनी पाहिला. पण माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम पंधरा दिवसांच्या तुकड्यांत होत नाही. आधी समपातळीच्या रेषा आखाव्या लागतात, मग समतल चर खोदायचे, ओघळींना दगडी बांध घालायचे, नाल्यावर मातीचे बांध उभारायचे, गवत आणि झाडोरा वाढवायचा, चराईबंदी पाळायची, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर फुटलेले पुन्हा सांधायचे. या कामाला कसब लागते, सातत्य लागते आणि त्याच माणसांनी त्याच डोंगरावर परत यावे लागते. चर आखणाऱ्याचा अंदाज चुकला की पाणी अडण्याऐवजी एका जागी फुटते आणि खालचे शेत घेऊन जाते.

श्रमदानाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी सभ्य मंडळी बोलायचे टाळतात. श्रम दान करतो कोण आणि त्या दानाचे फळ पदरात पडते कोणाच्या? नाल्यावर बांध पडला की विहिरींना पाणी वाढते. विहीर ज्याची जमीन त्याची. भूमिहीन मजुराच्या अंगणात विहीर नसते. त्याने एक दिवस श्रमदान केले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. बागायतदाराने एक दिवस श्रमदान केले तर त्याची पुढच्या हंगामाची भांडवली गुंतवणूक होते. दोघांच्या हातांत एकच घमेले दिसते म्हणून दोघांचा त्याग समान ठरत नाही. गावाने एकजुटीने पाणी अडविले, याचा आनंद जरूर मानावा. परंतु त्या एकजुटीतून निर्माण झालेल्या संपत्तीच्या वाटपाचा प्रश्न सेवा या शब्दाने झाकता येणार नाही. मजुरी देऊन केलेल्या कामात निदान आरंभीच भूमिहीनाच्या हाती काहीतरी पडते. विनामूल्य श्रमांत त्याच्या वाट्याला येते ते प्रशस्तिपत्रक.

यावर असे म्हटले जाते की, मोबदला घेतला की सेवेचे पावित्र्य जाते. हा युक्तिवाद फक्त गरिबांच्या बाबतीतच ऐकू येतो. जिल्हाधिकारी वेतन घेतात, तरी त्यांची ती लोकसेवाच असते. १९८२ साली चुनखडीच्या खाणींनी सोललेल्या मसुरीच्या डोंगरांवर झाडी परत आणण्यासाठी प्रादेशिक सेनेची पर्यावरण तुकडी उभारण्यात आली. तिच्यात माजी सैनिक होते आणि ते पगारी होते. २०१७ साली मराठवाड्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, अशीच तुकडी उभी राहिली. त्या माजी सैनिकांच्या देशप्रेमाविषयी वेतनामुळे कोणी शंका घेतली नाही, घेऊही नये. मग बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या मुलीने तेच काम केले तर तिने ते फुकट करावे, असे कोणत्या नीतिशास्त्रात लिहिले आहे? सेवा फुकट असलीच पाहिजे, हा नियम झाला तर सेवा करण्याची ऐपत फक्त खात्यापित्या घरांतील मुलांपुरती उरते.

तरुणांचे श्रम, त्यांची उपजीविका आणि निसर्गाचे संवर्धन या तिन्ही गोष्टी एका सूत्रात ओवण्याचा जगातील सर्वांत मोठा प्रयोग कोणा समाजवादी राष्ट्राने केला नाही. तो भांडवलशाहीच्या माहेरघरात, अमेरिकेत, झाला. महामंदीने देश कोलमडला असताना ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदी आले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नागरी संवर्धन दलाच्या कायद्यावर त्यांची सही झाली आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियातील जंगलात पहिली छावणी उभी राहिली. जुलैपर्यंत अडीच लाखांहून अधिक तरुण छावण्यांत दाखल झाले होते. प्रारंभी १८ ते २५ वयाच्या, बेकार घरांतील मुलांना त्यात प्रवेश होता. वेतन महिन्याला ३० डॉलर; त्यातले २५ डॉलर थेट घरी पाठविले जात. राहणे, जेवण, कपडे आणि औषधपाणी सरकारकडे. १९४२ पर्यंतच्या नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण या दलातून गेले. त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडे लावली, शेकडो उद्याने घडविली, वणव्यांशी झुंज दिली, आणि धुळीच्या वादळांनी मातीचा थर उडालेल्या शेतजमिनींवर बांधबंदिस्ती केली. छावणीच्या संध्याकाळच्या वर्गांत ४० हजारांहून अधिक तरुण लिहायला-वाचायला शिकले.

या प्रयोगाचा गौरव करताना त्याचे दोष लपविण्याचे कारण नाही. उलट समाजवाद्यांना त्या दोषांतूनच अधिक शिकता येईल. छावण्यांचे प्रशासन सैन्याकडे होते. कृष्णवर्णीय तरुणांना बहुतांश वेगळ्या छावण्यांत ठेवले गेले. कायद्यात भेदभावाला बंदी असूनही व्यवहारात ती पाळली गेली नाही. ज्या मंत्रिमंडळात फ्रान्सिस पर्किन्स ही अमेरिकेची पहिली महिला मंत्री मजूर खाते सांभाळीत होती, त्याच मंत्रिमंडळाच्या या दलात स्त्रियांना प्रवेश नव्हता. एलेनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने स्त्रियांसाठी स्वतंत्र शिबिरे निघाली, त्यांचा लाभ सुमारे साडेआठ हजार जणींनाच झाला. कामगार संघटनांनीही आरंभी कडाडून विरोध केला होता. दिवसाला एक डॉलर हा दर सरकारनेच मान्य केला तर सर्वत्र मजुरी घसरेल, ही त्यांची भीती होती. ती भीती अनाठायी नव्हती आणि रूझवेल्ट यांनी ती झटकूनही टाकली नाही. त्यांनी यंत्रकामगारांच्या संघटनेचे नेते रॉबर्ट फेकनर यांनाच दलाचे संचालक नेमले. तरुणांना स्वस्त मजूर म्हणून वापरण्याचा धोका अशा प्रत्येक योजनेत असतो आणि त्यावरचा उपाय म्हणजे योजनेच्या कारभारात कामगार संघटनांना स्थान देणे, हा त्यातला धडा आहे.

दुसरा धडा अलीकडचा आहे आणि तो अधिक कडू आहे. २० सप्टेंबर २०२३ रोजी अध्यक्ष बायडन यांच्या सरकारने रूझवेल्टांचा वारसा सांगत अमेरिकन हवामान दलाची घोषणा केली. पहिल्या वर्षी २० हजार तरुणांना काम देण्याचा संकल्प होता. परंतु या दलासाठी कायद्याने स्वतंत्र निधी मिळविण्याचा प्रयत्न २०२२ सालीच बारगळला होता. निरनिराळ्या खात्यांच्या चालू योजनांची गाठ मारून, प्रशासकीय आदेशाच्या बळावर दल उभे करण्यात आले. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प अध्यक्षपदी परतले आणि पहिल्याच दिवशी एका आदेशाने ते दल संपुष्टात आणले. आदेशाने जन्मलेली योजना आदेशाने मेली. तिच्यासाठी न्यायालयात उभे राहावे, असा हक्क कोणा तरुणाच्या हाती नव्हता.

याच्या शेजारी अमेरिकॉर्प्स या संस्थेची कहाणी ठेवून पाहावी. ही संस्था १९९३ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिच्यावरही कुऱ्हाड कोसळली. सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने रद्द झाली आणि वणवे, पूर व वादळे यांत काम करणाऱ्या तरुणांच्या तुकड्या मुदतीआधीच घरी धाडण्यात आल्या. परंतु येथे वीसांहून अधिक राज्ये न्यायालयात गेली आणि जूनमध्ये न्यायालयाने दावा करणाऱ्या राज्यांपुरती ती अनुदाने पूर्ववत करण्याचा आदेश दिला. संसदेने घालून दिलेली कार्यपद्धती प्रशासनाने डावलली होती, हे त्यामागील कारण. कायद्याने संस्थेला अभेद्य कवच दिले, असे नव्हे; झालेली हानी मोठी होती. पण भांडायला जमीन मिळाली. घोषणा आणि कायदा यांतील अंतर किती, हे या दोन संस्थांच्या दैवगतीवरून कळते.

महाराष्ट्राला मात्र हा धडा अमेरिकेकडून उसना घेण्याची गरज नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात या राज्यातील सुमारे ५० लाख माणसे ऐन उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर होती. त्या खडी फोडणाऱ्या हातांनी आणि त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी शासनाला हे मान्य करायला लावले की, काम हा उपकार नसून हक्क आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगाला यातून राज्यव्यापी रूप आले. १९७५ पासून व्यवसाय कराच्या रूपाने शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांनी खेड्यातील मजुराच्या कामासाठी वाटा उचलला, तेवढीच भर शासनाने घातली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती ही संवर्धनाचीच कामे होती. २००५ साली देशाने महाराष्ट्राचेच हे सूत्र स्वीकारून राष्ट्रीय कायदा केला.

त्या कायद्याची एक मर्यादाही प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. हमी होती ती अंगमेहनतीच्या अकुशल कामाची. गावातील बारावी झालेला मुलगा किंवा पदविका घेतलेली मुलगी त्या कामाकडे वळली नाही. हजेरीपट लिहिणारा मुकादम आणि माती उपसणारा मजूर यांच्यामध्ये शिकलेल्या तरुणासाठी जागाच नव्हती. परिणामी, तीस-चाळीस वर्षे माती हलवूनही त्या कामांतून पाणलोट जाणणारे, नकाशा वाचणारे, भूजल मोजणारे ग्रामीण तंत्रज्ञ तयार झाले नाहीत. उपेक्षा झाली ती हीच आणि दुरुस्त करण्याजोगी गोष्टही हीच.

दुरुस्ती राहो दूरच, होती ती हमी पातळ करण्याचा उद्योग सुरू झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, असे त्याचे ढोल वाजविले गेले. परंतु खर्चाचा चाळीस टक्के भार बहुतेक राज्यांवर ढकलला गेला आणि मागेल तेवढे काम या तत्त्वाच्या जागी केंद्राने ठरवून दिलेले वाटप आले. वाटपाची रक्कम संपल्यावर सव्वाशेवा दिवस कोण देणार? हमी कागदावर वाढवायची आणि पैशाने आवळायची, हा त्यातला डाव आहे. तरुणांसाठी नवा कायदा मागताना जुना हक्क राखण्याची लढाई म्हणूनच सोडता येणार नाही.

पैसा नाही, ही सबब आता कोणी सांगू नये. २०२२ साली अग्निपथ योजना आणताना केंद्राने सेनादलांत चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या तरुणाला पहिल्या वर्षी महिना ३० हजार रुपये देऊ केले. त्या योजनेविषयी गंभीर आक्षेप आहेत. चारातल्या तिघांना चार वर्षांनी घरी पाठविणे, हा त्यांतला मुख्य. पण तरुणांच्या सेवेला मोबदला देता येतो, एवढे तरी तिने सिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास ६ हजार, आयटीआय अथवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. मुदत संपली तेव्हा तरुणांनी ओरड केली. ती पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. ती वाढीव मुदतही संपली आणि २०२५ साली हेच प्रशिक्षणार्थी कायम काम मागत आंदोलनाला बसले. निवडणुकीपुरता पैसा सापडला; त्या पैशाच्या मागे ना ठोस काम होते, ना कायदा, ना उद्याची शाश्वती. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडलेल्या ‘मेरा युवा भारत’ या व्यासपीठावर तर तरुणाने संगणकावर नाव नोंदवायचे आणि सेवेची वाट पाहायची.

एका साध्या हिशोबाने हा प्रश्न जमिनीवर आणता येतो. राज्यातील १ लाख तरुण-तरुणींना वर्षभर दरमहा १५ हजार रुपये दिले तर खर्च येतो १,८०० कोटी रुपये. हत्यारे, प्रशिक्षण, निवास आणि विमा यांसाठी आणखी चाळीस टक्के धरले तर ७२० कोटी. एकूण २,५२० कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता. म्हणजे शंभर रुपयांमागे ३६ पैसे. हा खर्च वाया जातो, असे म्हणणाऱ्यांनी टंचाईच्या वर्षी टँकर, चारा छावण्या आणि पीकनुकसानीची भरपाई यांवर होणारा खर्च शेजारी मांडावा. धुपून गेलेल्या मातीची भरपाई तर कोणत्याच अर्थसंकल्पात नसते. निधी उभा करण्याचा मार्गही महाराष्ट्राला नवा नाही. व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेनुसार वर्षाला २,५०० रुपये असून ती १९८८ पासून हललेली नाही. त्या काळात पगार आणि उत्पन्ने कुठल्या कुठे गेली. ही मर्यादा वाढवून वरच्या उत्पन्नगटांकडून अधिक कर घेण्याची मागणी राज्यांनी संसदेकडे केली पाहिजे.

मागावयाचे काय, हेही स्पष्ट असावे. विधिमंडळाने युवा संवर्धन सेवेचा कायदा करावा आणि त्यात १८ ते २८ वयाच्या प्रत्येक इच्छुक तरुण-तरुणीस किमान एक व कमाल दोन वर्षे कामाचा हक्क द्यावा. सेवा ऐच्छिक असावी, सक्ती नसावी. मोबदला त्या भागातील किमान वेतनाहून कमी नसावा, जेणेकरून त्या सेवेच्या आडून कोणाही मजुराची मजुरी पडणार नाही. रोजगार हमीवरील मजुरांची जागा या तरुणांनी घ्यायची नाही. आखणी, मोजणी, रोपवाटिका, देखभाल आणि ताळेबंद ही कामे करून मजुरांच्या कामाचे मोल वाढवायचे. स्त्रियांसाठी निम्म्या जागा, त्यांच्या निवासाची व सुरक्षिततेची व्यवस्था यांची तरतूद कायद्यातच असावी. नऊ दशकांपूर्वीच्या अमेरिकेची चूक पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. सेवेच्या अखेरीस मिळणारे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र वनखाते, जलसंधारण आणि कृषी विभागांतील भरतीत ग्राह्य धरले जावे.

आणखी एक अट महत्त्वाची आहे. ही सेवा गावावर लादली जाऊ नये. संवर्धनाच्या नावाखाली आदिवासींना जंगलातून हुसकावण्याचा इतिहास जुना आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या जंगलाचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून तो अधिकार चालवूनही दाखविला. युवा संवर्धन सेवेच्या तुकड्या ग्रामसभेने मागितलेल्या कामावर, ग्रामसभेच्या देखरेखीखाली गेल्या पाहिजेत. छावणीवर सैन्याचा नव्हे तर लोकांचा अंकुश राहावा. ज्या कामातून खाजगी विहिरींना पाणी वाढते तेथे त्या पाण्यात भूमिहीनांचा वाटा ठरविल्यावाचून काम सुरू होऊ नये.

समाजवादी कार्यकर्त्यांवर याबाबत दुहेरी जबाबदारी येते. सेवादलाच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच प्रथम हे उच्चारले पाहिजे की, शासनाच्या तोंडी आलेला सेवा हा शब्द आता तपासून घेण्याची वेळ आली आहे. यंदाच्या पावसाळ्यात जेथे जेथे वृक्षारोपणाचा समारंभ होईल तेथे कार्यकर्त्यांनी जावे, रोपेही लावावीत. मात्र तेथील अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना, मागील वर्षी याच टेकडीवर लावलेल्या रोपांचा हिशोब गावासमोर विचारावा आणि त्या रोपांची निगा राखायला गावातील किती तरुण, किती वेतनावर नेमले, हेही विचारावे. ज्या ग्रामसभांत आपले कार्यकर्ते आहेत तेथे युवा संवर्धन सेवेच्या मागणीचे ठराव व्हावेत, तालुक्याच्या गावी अभ्यासिकांत बसलेल्या मुलामुलींच्या सभा घ्याव्यात, आणि मुदत संपून घरी बसलेल्या प्रशिक्षणार्थींच्या आंदोलनाला या मागणीशी जोडावे. १९७७ चा कायदा मंत्रालयाच्या औदार्यातून उगवला नव्हता. दुष्काळी कामांवरील मजुरांच्या मोर्चांनी तो वर ढकलला होता. तरुणांच्या कामाच्या हक्काचा कायदाही दुसऱ्या कोणत्या वाटेने येणार नाही.